ग्लासगोच्या बालवाड्या आणि न हललेला काटा

नोव्हेंबर 2006 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातल्या एका प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. बालवाडीच्या वयात मुलांकडून नियमित शारीरिक हालचाल करून घेतली तर पुढे येऊ घातलेला लठ्ठपणा रोखता येतो का, हा साधा वाटणारा प्रश्न त्यात प्रत्यक्ष तपासून पाहिला होता. प्रयोगाची आखणी काटेकोर होती, मोजमाप वस्तुनिष्ठ होते आणि संशोधक या विषयात मुरलेले होते. उत्तर मात्र कोणाच्याही अपेक्षेप्रमाणे आले नाही, कारण मुलांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, तसूभरही बदलला नव्हता. गेल्या वीस वर्षांत या निष्कर्षाचा दाखला अनेकांनी दिला आहे. ‘लहानपणी खेळल्याने वजनावर परिणाम होत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी तो दिला आणि ‘प्रयोगच अपुरा होता’ असे म्हणणाऱ्यांनीही दिला. माझ्या मते दोन्ही बाजूंनी हा अहवाल घाईने वाचला आहे. त्यात नेमके काय तपासले गेले आणि काय तपासलेच गेले नाही, हे सावकाश पाहिले तर लहान मुलांच्या हालचालीविषयी आपण धरलेल्या काही समजुती दुरुस्त कराव्या लागतात.

प्रश्न कुठून आला

या प्रयोगाचे प्रमुख प्राध्यापक जॉन रायली हे तेव्हा ग्लासगो विद्यापीठात होते. प्रयोगाआधी त्यांच्या गटाने केलेले काम लक्षात घेतल्याशिवाय पुढची हकिकत नीट समजत नाही. लहान मुले सतत धावत-पळत असतात, त्यांना व्यायाम वेगळा शिकवायची गरज नाही, ही समजूत तेव्हा स्कॉटलंडमध्ये होती आणि आपल्याकडेही आजवर आहे. मुलाच्या मागे दिवसभर धावून थकलेल्या आईला विचारले तर तीही हेच सांगेल. रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही समजूत मोजून पाहिली. तीन वर्षांच्या 78 मुलांच्या कमरेला हालचाल नोंदवणारे छोटे यंत्र बांधण्यात आले आणि त्यांची एकूण ऊर्जा किती खर्च होते हे खास पाण्याच्या चाचणीने काढण्यात आले. या पाण्यातील हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू नेहमीपेक्षा जड असतात. ते शरीराबाहेर किती वेगाने पडतात यावरून, मुलाला कोंडून न ठेवता, त्याच्या रोजच्या जगण्यातला ऊर्जेचा खर्च मोजता येतो. ही मुले पाच वर्षांची झाल्यावर मोजमाप पुन्हा केले गेले.

2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेले आकडे धक्कादायक होते. यंत्र बांधलेल्या वेळेपैकी तीन वर्षांच्या मुलांचा 79 टक्के आणि पाच वर्षांच्या मुलांचा 76 टक्के वेळ बसून किंवा जवळजवळ न हलता गेला होता. दम लागेल अशा मध्यम किंवा जोरकस हालचालीचा वाटा तिसऱ्या वर्षी 2 टक्के आणि पाचव्या वर्षी 4 टक्के इतकाच होता. याचा अर्थ, धावपळ डोळ्यांत भरते म्हणून ती फार वाटते, पण दोन धावपळींच्या मधल्या लांब बैठ्या वेळेकडे आपले लक्ष जात नाही.

दुसरा धागा ब्रिस्टल आणि त्याच्या परिसरातील एव्हॉन भागात जन्मलेल्या हजारो मुलांच्या दीर्घकालीन पाहणीतून आला. रायली यांच्याच गटाने 2005 साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात, सातव्या वर्षी लठ्ठ असण्याशी बालपणातील कोणत्या गोष्टी जोडलेल्या दिसतात हे शोधले होते. पंचवीस संशयित घटकांपैकी आठ टिकले. आईवडिलांचा लठ्ठपणा, जन्माचे वजन, पहिल्या वर्षातील वजनवाढ आणि अवघ्या साडेतीन वर्षांच्या आसपास बीएमआय पुन्हा चढू लागणे हे त्यांपैकी काही. शिवाय तिसऱ्या वर्षी आठवड्याला आठ तासांहून अधिक टीव्ही आणि रात्री साडेदहा तासांहून कमी झोप या दोन गोष्टीही त्या यादीत होत्या. यांपैकी जन्माचे वजन किंवा आईवडिलांची शरीरयष्टी बालवाडीच्या बाईंच्या हातात नसते. मुलाने दिवसभरात किती हालचाल करावी यात मात्र बालवाडीला काही करता येईल असे वाटत होते.

बीएमआय ‘पुन्हा चढू लागणे’ याबद्दल थोडे सांगायला हवे. पहिल्या वर्षी गुटगुटीत असलेले बाळ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून सडपातळ होत जाते. बीएमआय घसरत घसरत साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी तळ गाठतो आणि नंतर वाढू लागतो. हे वळण ज्या मुलांत लवकर येते त्यांच्यात पुढे लठ्ठपणाचे प्रमाण अधिक आढळते. म्हणून चौथे वर्ष हे हस्तक्षेपाला योग्य वेळ मानले गेले. आपल्या घरांत याच वयात ‘पोर वाळलं’ म्हणून चिंता सुरू होते आणि तूप-साखरेचा मारा वाढतो, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

प्राण्यांवरील कामही याच दिशेला बोट दाखवत होते, जरी त्यातील सर्वांत लक्षवेधी पुरावा ग्लासगोच्या अहवालानंतर आला. बॅरी लेविन यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत, आनुवंशिकदृष्ट्या लठ्ठ होण्याकडे कल असलेल्या उंदरांच्या जातीतील पिल्लांना दूध तुटल्यानंतर तीन आठवडे धावण्याचे चाक दिले आणि मग ते काढून घेतले. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या या कामात, चाक गेल्यानंतर दहा आठवड्यांनीही ही पिल्ले कधीच न धावलेल्या भावंडांपेक्षा कमी चरबीची राहिली. पुढच्या वर्षीच्या अहवालात याचे एक कारण पुढे आले, ते म्हणजे भूक आवरणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाला त्यांचा मेंदू अधिक काळ नीट प्रतिसाद देत होता. कोवळ्या वयातील हालचाल शरीरावर कायमचा ठसा ठेवू शकते, ही कल्पना हवेतली नव्हती. पण उंदराचे पिल्लू चाकावर रात्रभर मनसोक्त धावते. चार वर्षांच्या मुलाला असे चाक कोणी दिलेले नसते.

प्रयोग कसा झाला

स्कॉटलंडमध्ये तेव्हा तीन आणि चार वर्षांच्या मुलांना सरकारी खर्चाने अर्धवेळ बालवाडी मिळत असे आणि बहुतेक मुले तिचा लाभ घेत. त्यामुळे एखादा उपक्रम बालवाडीतून राबवला तर तो गरीब-श्रीमंत सगळ्या घरांपर्यंत पोहोचतो. ग्लासगोत हे विशेष महत्त्वाचे होते, कारण ब्रिटनमधील आर्थिक दुरवस्थेने ग्रासलेल्या सर्वाधिक वस्त्यांपैकी काही या शहरात आहेत.

संशोधकांनी शहरातील 36 बालवाड्या घेतल्या आणि त्यांची दोन गटांत यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, विभागणी केली. एकेका मुलाची विभागणी न करता अख्ख्या बालवाडीची करण्यामागे कारण होते, कारण एकाच खोलीतल्या निम्म्या मुलांना खेळवायचे आणि निम्म्यांना बसवून ठेवायचे हे शक्य नाही आणि न्याय्यही नाही. एकूण 545 मुले सहभागी झाली. त्यांचे सरासरी वय 4.2 वर्षे होते, म्हणजे शाळेत जाण्याआधीचे त्यांचे ते शेवटचे वर्ष होते.

हस्तक्षेपाच्या गटातील बालवाड्यांत आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी तीस मिनिटे, हालचालीचा तास घेतला गेला आणि तो 24 आठवडे चालला. हे तास बाहेरच्या प्रशिक्षकांनी घेतले नाहीत. बालवाडीतील कर्मचाऱ्यांनाच प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे ते सोपवण्यात आले. हा निर्णय मला या आखणीतील सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण प्रयोग संपल्यावर बाहेरचा प्रशिक्षक निघून जातो आणि बालवाडीच्या बाई तिथेच असतात. सोबत घरासाठी साहित्य दिले होते, ज्यात मुलाला खेळत्या हालचालीची संधी कशी द्यावी आणि टीव्हीसमोरचा वेळ कसा कमी करावा याची माहिती होती. दुसऱ्या गटातील बालवाड्यांनी आपला नेहमीचा कार्यक्रम चालू ठेवला.

मोजमाप सुरुवातीला, सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी झाले. मुख्य फलित बीएमआय होते, पण तो नुसता आकडा म्हणून न घेता ब्रिटनमधील त्याच वयाच्या आणि लिंगाच्या मुलांच्या 1990 च्या संदर्भ आकडेवारीशी तुलना करून घेतला होता. चौथ्या वर्षी बीएमआय मुळातच घसरत असतो, त्यामुळे अशी तुलना केली नाही तर निसर्गाचे श्रेय प्रयोगाला गेले असते. याखेरीज कमरेवरील यंत्राने एकूण हालचाल आणि बैठा वेळ मोजला गेला. उडी मारणे, तोल सांभाळणे, चेंडू हाताळणे अशा मूलभूत हालचालींत मूल किती तयार आहे याचीही परीक्षा घेतली गेली.

काय हाती लागले

बीएमआयवर परिणाम झाला नाही, सहा महिन्यांनीही नाही आणि बारा महिन्यांनीही नाही. एवढेच बहुतेकांना आठवते. त्याहून अधिक विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की यंत्राने मोजलेली एकूण हालचाल आणि बैठा वेळ यांतही दोन गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. हालचाल वाढवण्यासाठी आखलेल्या प्रयोगात हालचालच वाढली नाही. मग वजन का उतरले नाही हा प्रश्न विचारण्याचा अधिकारच उरत नाही. औषध रुग्णाच्या पोटात गेले नसेल तर ते निरुपयोगी आहे असे कोणताही वैद्य म्हणणार नाही, आणि नेमकी हीच चूक हा अहवाल उद्धृत करणारे अनेक जण करतात.

एक फरक मात्र स्पष्ट पडला. सहा महिन्यांच्या तपासणीत हस्तक्षेप गटातील मुलांनी हालचालींच्या कौशल्यात दुसऱ्या गटापेक्षा अधिक गुण मिळवले. लिंग आणि सुरुवातीचे गुण हिशेबात धरूनही फरक टिकला. त्याचे 95 टक्के विश्वासअंतर, म्हणजे खरा फरक ज्या मर्यादांत असण्याची खात्री धरता येते तो पट्टा, 0.3 ते 1.3 गुण इतके होते आणि तो योगायोगाने आला असण्याची शक्यता फारच थोडी होती. म्हणजे ते तास वाया गेले नव्हते. मुले अधिक चांगली उडी मारू लागली, तोल सांभाळू लागली. ज्या तराजूवर सगळ्यांची नजर होती, तिथे याची नोंद होण्याचे कारण नव्हते.

मात्रेचा हिशेब

काटा का हलला नाही याचे पहिले उत्तर साध्या अंकगणितात आहे, आणि ते अहवाल वाचणाऱ्याने स्वतः करून पाहण्यासारखे आहे. आठवड्याला तीन अर्धे तास असे 24 आठवडे म्हणजे 72 तासिका, एकूण 36 तास. चार वर्षांचे मूल दिवसाला साधारण साडेबारा तास जागे असते असे धरले, तर 24 आठवड्यांत त्याचे जागेपणीचे सुमारे 2,100 तास होतात. त्यात 36 तास म्हणजे पावणेदोन टक्के. त्यातही अर्ध्या तासाच्या तासिकेत रांग लावणे, आपली पाळी येण्याची वाट पाहणे, रडणाऱ्या एखाद्याची समजूत काढणे यात किती मिनिटे जातात हे ज्याने लहान मुलांचा वर्ग घेतला आहे त्याला सांगायला नको.

ऊर्जेच्या भाषेत हिशेब आणखी केविलवाणा दिसतो. सोळा-सतरा किलोच्या मुलाने अर्धा तास बऱ्यापैकी जोरात खेळ केला तर शांत खेळण्याच्या तुलनेत त्याचा जास्तीचा खर्च ढोबळमानाने चाळीस किलोकॅलरीच्या आसपास जाईल. आठवड्यातून तीनदा हा खर्च झाला आणि तो सात दिवसांवर वाटला, तर रोजचे सतरा-अठरा किलोकॅलरी होतात. एका ग्लुकोज बिस्किटात याहून थोडी अधिक ऊर्जा असते. तासिका संपल्यावर मुलाच्या हातात दोन बिस्किटे ठेवली की गणित उलट्या बाजूला झुकते. म्हणून केवळ तासिकांच्या बळावर वजन बदलेल ही अपेक्षाच मुळात वाजवी नव्हती. मात्र हे म्हणणे आज सोपे आहे. 2006 पूर्वी आठवड्यातून तीन तासिका हा भरघोस हस्तक्षेप मानला जात होता, आणि तो अपुरा आहे हे ठामपणे कळण्यासाठी कोणीतरी तो करून पाहायलाच हवा होता.

भरपाईची शंका

दुसरे उत्तर अधिक वादग्रस्त आहे. इंग्लंडमधील प्लिमथ येथे टेरी विल्किन यांच्या गटाने ‘अर्लीबर्ड’ नावाचा दीर्घ अभ्यास 2000 साली पाच वर्षांच्या मुलांपासून सुरू केला होता. त्याच गटाने 2003 मध्ये तीन प्राथमिक शाळांतील मुलांची तुलना प्रसिद्ध केली. एका शाळेत आठवड्याला नऊ तास शारीरिक शिक्षण होते, तर उरलेल्या दोन शाळांत सुमारे दोन तास. शाळेच्या वेळेत पहिल्या शाळेतील मुले साहजिकच अधिक हालत होती. पण आठवड्याची एकूण हालचाल मोजली तेव्हा तिन्ही शाळांतील मुले जवळजवळ सारखीच भरली, कारण ज्यांना शाळेत कमी संधी होती ती शाळा सुटल्यावर अधिक खेळत होती. प्रत्येक मुलाच्या मेंदूत हालचालीची एक ठरलेली पातळी असते आणि शरीर ती भरून काढते, असा तर्क या गटाने मांडला. या तर्काला आजही सर्वमान्यता नाही. पण त्याच गटाने 2012 साली तीस प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा मुलांना अधिक हलते करण्यासाठी आखलेल्या कार्यक्रमांनी प्रत्यक्षात दिवसाला सरासरी चार मिनिटांची चाल किंवा धाव एवढीच भर पडते असे दिसले. कारण भरपाईचे असो वा कार्यक्रमांच्या तोकडेपणाचे, चार मिनिटे हा आकडा धोरण आखणाऱ्याने भिंतीवर लावून ठेवावा असा आहे.

प्लिमथच्या मुलांनी आणखी एक गैरसोयीची गोष्ट दाखवली. सातव्या ते दहाव्या वर्षांपर्यंत दरवर्षी चरबी आणि हालचाल दोन्ही मोजल्यावर असे आढळले, की आधी चरबी जास्त असलेली मुले पुढे कमी हालू लागतात, पण आधी कमी हालणारी मुले पुढे अधिक चरबीची होतात असे मात्र दिसत नाही. 2011 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा खळबळ उडाली. याउलट अमेरिकेतील आयोवा राज्यात, हाडांच्या वाढीसाठी सुरू केलेल्या एका अभ्यासात, पाचव्या वर्षी जोरकस हालचाल करणाऱ्या मुलांच्या अंगात आठव्या आणि अकराव्या वर्षी कमी चरबी होती. दोन्ही अभ्यासांत हालचाल यंत्राने आणि चरबी क्ष-किरणांच्या तंत्राने मोजलेली होती. फरक वयाचा आहे. आयोवातली मुले सुरुवातीला पाच वर्षांची होती आणि प्लिमथचे हे विश्लेषण सातव्या वर्षापासून सुरू होते. लहान वयात हालचालीची बाजू वरचढ असते आणि एकदा चरबी साठली की चाक उलटे फिरू लागते, असे दोन्ही एकत्र वाचता येते. हे माझे वाचन आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. परंतु ते खरे असेल तर बालवाडीचे वय सोडून देण्यात शहाणपण नाही.

मोजपट्टीचा प्रश्न, आणि पुण्याचा संबंध

आता मी ज्याला या प्रकरणाचा गाभा समजतो त्याकडे येतो. बीएमआय म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. तो वजन सांगतो, पण ते वजन स्नायूंचे आहे की चरबीचे हे सांगत नाही. जे मूल रोज उड्या मारते त्याची चरबी थोडी कमी आणि स्नायू थोडे अधिक झाले तर तराजूवर काहीच घडलेले दिसणार नाही.

हे कसे घडू शकते हे स्वित्झर्लंडमधील एका प्रयोगात दिसले. तिथे स्थलांतरित कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या भागांतील 40 बालवर्गांत, सुमारे पाच वर्षांच्या 652 मुलांवर, एक पूर्ण शालेय वर्ष कार्यक्रम राबवला गेला. हालचालीच्या तासिका आठवड्यातून चार आणि प्रत्येकी 45 मिनिटांच्या होत्या. शिवाय आहार, पडद्यासमोरचा वेळ आणि झोप यांवरही पाठ होते आणि वर्गाची रचना हालचालीला पोषक केली होती. 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्येच निकाल आला. ग्लासगोप्रमाणेच बीएमआयमध्ये फरक नव्हता. पण शरीरातील चरबीचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या तुलनेत 1.1 टक्क्याने कमी होते, कमरेचा घेर एक सेंटिमीटरने कमी होता आणि दमसासही वाढला होता. याच प्रयोगात बीएमआयखेरीज काही मोजले नसते तर तोही ‘फसलेला’ म्हणून नोंदला गेला असता. ग्लासगोत चरबी मोजली असती तर काय दिसले असते हे सांगता येत नाही. एकूण हालचालच वाढली नव्हती, हे लक्षात घेता कदाचित फारसे काही दिसले नसते. तरी ‘बीएमआय बदलला नाही’ आणि ‘शरीर बदलले नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत.

मराठी वाचकाला हा मुद्दा परका वाटू नये, कारण तो सर्वांत ठसठशीतपणे पुण्यात मांडला गेला आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या गावांतील बाळांचे जन्माचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होते, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे 3.5 किलो. पुण्याची बाळे वजनाने, स्नायूंनी आणि पोटाच्या घेराने बरीच लहान होती. पण खांद्याच्या पाठीमागील त्वचेखालची चरबी त्या मानाने जवळजवळ अबाधित होती. वरून बारीक आणि आतून चरबीचे असे हे बाळ जन्मतःच मधुमेहाच्या वाटेवर एक पाऊल टाकून येते, असे या गटाचे म्हणणे आहे. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेले छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. दोघांचा बीएमआय एकच, 22.3. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. युडकिन हे धावणारे गृहस्थ होते, हा तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने किरकोळ नाही.

याचा परिणाम असा, की ग्लासगोची मोजपट्टी जशीच्या तशी उचलून एखाद्या मराठी बालवाडीत वापरली तर ती दोन्हीकडून फसवेल. बीएमआय ‘योग्य’ असलेल्या मुलात चरबी जास्त असू शकते, आणि हालचालीने स्नायू वाढून बीएमआय थोडा चढला तर तो कार्यक्रमाचा दोष ठरवला जाईल. आपल्याकडील बहुसंख्य लहान मुलांना वजन कमी करण्याची गरज नाहीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती आणि 25.6 टक्के उंचीच्या मानाने कृश. त्याच वेळी जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण मागील फेरीतील 1.9 टक्क्यांवरून 4.1 टक्क्यांवर गेले होते. एकाच राज्यात, कित्येकदा एकाच तालुक्यात, दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी आहेत. अशा ठिकाणी ‘लठ्ठपणा रोखण्यासाठी व्यायाम’ ही घोषणा अंगणवाडीच्या दारावर लावणे हास्यास्पद ठरेल. स्नायू आणि हाडे घडवण्यासाठी हालचाल व पुरेसा आहार ही मांडणी मात्र कृश मुलालाही लागू पडते आणि जाड मुलालाही.

कौशल्याची बाजू

ग्लासगोच्या मुलांनी मिळवलेल्या कौशल्याचे मोल कसे करावे, हा प्रश्न उरतो. 2008 साली डेव्हिड स्टॉडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार मांडला, की ज्या मुलाला धावणे, झेलणे, उडी मारणे नीट जमते ते खेळात रमते, खेळल्याने त्याचे कौशल्य वाढते आणि ते आणखी खेळते. ज्याला जमत नाही ते खेळातून बाहेर पडत जाते. आपल्याकडे लगोरीत किंवा आट्यापाट्यात सतत बाद होणारे पोर हळूहळू कडेला बसू लागते, हे कोणालाही आठवेल. मात्र इथेही पुरावा जपून वापरायला हवा. ग्लासगोच्याच मुलांवर 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात कौशल्य आणि एकूण हालचाल यांच्यातील संबंध आढळला होता, पण तो अतिशय क्षीण होता. चौथ्या वर्षी कौशल्य असले म्हणून मूल लगेच अधिक हालत नाही. हा दुवा वय वाढेल तसा घट्ट होत जातो, असे स्टॉडन यांच्या मांडणीत अपेक्षित आहे. ग्लासगोचा पाठपुरावा बारा महिन्यांचा होता. चार वर्षांच्या मुलाने कमावलेले कौशल्य चौदाव्या वर्षी त्याला मैदानावर ठेवते का, हे एवढ्या अवधीत कळण्यासारखे नव्हते. शीर्षकात ‘प्रतिबंध’ असलेल्या प्रयोगाची ही मूलभूत मर्यादा होय.

दिवसाकडे पाहण्याची पद्धत

ग्लासगोनंतरच्या काळात विचाराचा रोख तासिकेवरून अख्ख्या दिवसाकडे वळला. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल 2019 मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत हालचाल, बैठा वेळ आणि झोप या तिन्ही गोष्टी एकत्र आहेत. तीन ते चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात विखुरलेली 180 मिनिटे हालचाल करावी आणि त्यातली किमान 60 मिनिटे दम लागेल अशी असावीत. पडद्यासमोर बैठा वेळ एका तासाहून अधिक नसावा, सलग एका तासाहून अधिक काळ त्याला खुर्चीत किंवा गाडीत बांधून ठेवू नये आणि झोप 10 ते 13 तास व्हावी. अजून चालू न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसातून एकूण अर्धा तास तरी पालथे ठेवावे, असेही त्यात आहे. 180 मिनिटांच्या या अपेक्षेसमोर ग्लासगोचा हस्तक्षेप ठेवला, तर आठवड्याच्या 1,260 मिनिटांपैकी 90 मिनिटांची व्यवस्था तिथे झाली होती. उरलेली घर, अंगण, रस्ता आणि शेजार यांनी पुरवायची होती, आणि ती पुरवण्याची क्षमता या सर्वांत होती की नाही हे प्रयोगाच्या कक्षेबाहेर होते.

आपल्या शहरांत हीच बाजू सर्वांत कमकुवत आहे. पुणे, नाशिक किंवा ठाण्यात इमारतीच्या तळमजल्यावरच्या सदनिकेत भरणारी बालवाडी, पायऱ्या उतरल्यावर लागणारे वाहनतळ, दुपारी जेवण भरवताना समोर धरलेला मोबाइल आणि रात्री उशिरा घरी येणाऱ्या आईवडिलांबरोबर लांबणारी झोप, ही त्या मुलाच्या दिवसाची चौकट असते. त्यात आठवड्यातून तीनदा कवायतीचा तास घातला तर ग्लासगोपेक्षा वेगळा निकाल येण्याचे कारण दिसत नाही. ग्रामीण अंगणवाडीची अडचण निराळी आहे. अंगण आहे, मुलेही मोकळी फिरतात, पण सेविकेवर नोंदवह्या, पोषण आहार, लसीकरणाचे दिवस आणि सर्वेक्षणे यांचा एवढा भार असतो की खेळ घेणे हे काम यादीत शेवटी येते.

असा प्रयोग महाराष्ट्रात करायचा झाला तर ग्लासगोच्या आखणीतील दोन गोष्टी जशाच्या तशा ठेवाव्यात, असे मला वाटते. अख्ख्या बालवाड्यांची यादृच्छिक विभागणी ही एक, आणि त्याच ठिकाणच्या बाईंना प्रशिक्षण देणे ही दुसरी. बदल मोजमापात हवा. वजन-उंचीसोबत कमरेचा घेर, त्वचेची घडी आणि कौशल्याचे गुण घ्यावेत, आणि एकूण हालचाल खरोखर वाढली का हे पहिल्या सहा आठवड्यांतच तपासावे, म्हणजे वाढली नसेल तर कार्यक्रम तिथेच दुरुस्त करता येईल. कृश आणि जादा वजनाच्या मुलांचे निकाल वेगवेगळे मांडावे लागतील, कारण दोघांची सरासरी काढली तर एकाची सुधारणा दुसऱ्याच्या सुधारणेला खोडून टाकेल. पाठपुरावा निदान बीएमआयचे वळण ओलांडून, म्हणजे सातव्या-आठव्या वर्षापर्यंत, न्यावा लागेल. खर्च आणि चिकाटी यांचा खरा प्रश्न इथेच येतो, कारण तोवर ही मुले बालवाडी सोडून निरनिराळ्या शाळांत पांगलेली असतील.